म्हणे सिंध्यांनी कविता लिहिल्याच नाहीत

आमच्या घरच्या ग्रुपवर मामानं परवा एक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असेल, बरेच दिवस फिरतोय. त्यात म्हटलंय की फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंध्यांनी एकही रडकी कविता लिहिली नाही, धंदा केला आणि पुढे गेले. बाकीचे निर्वासित मात्र पिढ्यान्‌पिढ्या जखमा उगाळत बसतात, खरं तर दहा वर्षांत माणूस सगळं विसरतो, त्यानंतरचं लिखाण पुरस्कारासाठी असतं आणि असल्या कवितांनी नुसता द्वेष वाढतो. खाली सहा अंगठे. माझी वहिनी सिंधी आहे, तिचे बाबा उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये बराकीत जन्मले, आणि ती त्याच ग्रुपवर आहे. ती काही बोलली नाही. म्हणून मी बोलतेय.

आधी 'एकही कविता नाही' हेच घेऊ, कारण मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आला. ज्यानं हे लिहिलं त्याला सिंधी येत नसणार. मलाही येत नाही, पण आपण वाचली नाही म्हणजे ती लिहिलीच गेली नाही हे कुठलं लॉजिक? नारायण श्याम. 1922 चा जन्म, सिंधमधला. फाळणीनंतर दिल्लीत आले, 1970 साली त्यांना कवितेसाठी साहित्य अकादमी मिळाला. त्यांची एक ओळ जुन्या सिंध्यांना तोंडपाठ असते: 'अला! ईंअ म थिए जो किताबनि में पढ़िजे, त हुई सिंध ऐं सिंध वारनि जी बोली.' म्हणजे देवा, असं नको व्हायला की पुस्तकात वाचावं लागेल, एक सिंध होती आणि सिंधवाल्यांची एक बोली होती.

ह्यात रक्त नाही, तलवार नाही, जळकं घर नाही, रडणंसुद्धा नाही. सगळी भीती त्या 'हुई'मध्ये आहे, 'होती' ह्या एका क्रियापदात. पंजाब अर्धा का होईना इकडे आला, बंगाल अर्धा आला, सिंध मात्र अख्खा तिकडे राहिला आणि माणसं तेवढी इकडे आली, दहा-बारा लाख, त्यातली लाखभर कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये, म्हणजे आजच्या उल्हासनगरात. त्यांच्या भाषेला इथे स्वतःचं राज्य नाही, घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, यायलाच 1967 उजाडलं, मुलांना कुठली लिपी शिकवायची, अरबी की देवनागरी, ह्यावर आपसात वर्षानुवर्षं वाद. घर गेलं तर माणूस दुसरं बांधतो, आणि ते त्यांनी बांधलंच की. पण आपली बोली आपल्या डोळ्यांदेखत भूतकाळात जाईल ही धास्ती घेऊन रोज दुकान उघडायचं, हे फॉरवर्डवाल्याला दुःख वाटत नाही, कारण त्याला दुःख म्हणजे हंबरडाच माहीत आहे.

एक गोष्ट मान्य करते. सिंधमध्ये पंजाबइतकी कत्तल झाली नाही, हे खरंय. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाली आणि मग लोक मोठ्या संख्येनं निघाले. आणि बऱ्याच घरांत ह्या विषयावर कुणी बोलायचं नाही, हेही खरं, वहिनीचे आजोबा शेवटपर्यंत बोलले नाहीत. पण न बोलणं म्हणजे विसरणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

द्वेषाचं म्हणाल तर एकच उदाहरण पुरे. 1965 चं युद्ध. तिकडे सिंधमध्ये शेख अयाझ, शिकारपूरचे, श्यामांच्या बरोबरीचे कवी, आणि ते लिहितात की ह्या लढाईत माझ्यासमोर नारायण श्याम उभा आहे, त्याचे माझे बोल एक, त्याच्यावर मी बंदूक कशी उचलू? भर युद्धात, शत्रुदेशातल्या निर्वासिताचं नाव घेऊन! त्यापायी त्यांना स्वतःच्या देशात गद्दार म्हणवून घ्यावं लागलं. मामा, ह्यात द्वेष दाखवा मला.

दहा वर्षांत विसरतात म्हणे. पॅलेस्टाईनचा महमूद दरवीश 1948 मध्ये सात वर्षांचा होता, गाव सोडून घरच्यांबरोबर लेबनॉनला गेला, परत आला तर गाव पाडलेलं. 1995 च्या त्याच्या कवितेत पळताना मुलगा बापाला विचारतो, घोडा एकटा का सोडलास? बाप म्हणतो, घराला सोबत म्हणून, माणसं गेली की घरं मरतात. सत्तेचाळीस वर्षांनी त्याला तो घोडा आठवतोय. पुरस्कारासाठी घोडा आठवत नाही कुणाला.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलं, ती सिंधी ओळ तेवढी अरबी लिपीत. रात्री वहिनीचा फोन आला, म्हणाली ती ओळ मला देवनागरीत पाठव, मला आमची जुनी लिपी वाचता येत नाही. पाठवली. तिनं फोन स्पीकरवर टाकून ती बाबांना वाचून दाखवली, आणि बाबांनी तिचा उच्चार दोनदा सुधारला.