टीएमसी वाटले, पूर कुणी वाटायचा?

ऑगस्ट 2019. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा आधी जनावरं हलवली, मग आईला. माझी बहीण कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात दिली आहे, तीही कृष्णेकाठीच. दिवसातून चार वेळा फोन. मी विचारायचो, "अलमट्टीतून किती सोडलंय गं?" ती विचारायची, "दादा, कोयनेतून अजून किती येणार?" अलमट्टी हे कर्नाटकातलं, आमच्या खालच्या अंगाचं कृष्णेवरचं धरण; कोयना वरच्या अंगाचं, महाराष्ट्रातलं. तिकडे लोक महाराष्ट्राला बोल लावत होते, इकडे आम्ही कर्नाटकाला. आणि दोन्ही घरांत गाळ तेवढाच साचला.

राज्यांमधला पाण्याचा वाद सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादाने 1970 च्या दशकात कृष्णेचं 2060 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वाटलं. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. सगळा हिशोब टंचाईचा. पूर आला तर कुठल्या धरणात किती जागा मोकळी ठेवायची, कोणी आधी दरवाजे उचलायचे, हे दर पावसाळ्यात दोन्हीकडचे मंत्री आणि अधिकारी बैठका घेऊन, फोन करून ठरवतात. माणसं समंजस असली तर निभावतं. पण लाखो लोकांचा जीव कुणाच्या समंजसपणावर टांगायचा नसतो.

दुसऱ्या लवादाने 2010 साली अलमट्टीची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली. प्रकरण न्यायालयात आहे, आणि आमच्याकडची सगळी आंदोलनं या आकड्याभोवती फिरतात. भीती मलाही आहे, धरणामागे पाण्याचा फुगवटा वाढला तर पहिलं पाणी आमच्याच नदीकाठच्या मळीत येणार. पण 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरलं नव्हतं, हेही आपण मोठ्याने बोललं पाहिजे. पूररेषेत आपणच बांधकामं केली, ओढे आपणच बुजवले. हे लिहिल्यावर गावातले काही जण माझ्यावर चिडतील. चिडू देत.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नदी मंडळ कायदा 1956 सालचा आहे. राज्यांना एकत्र बसवून नदीचं खोरं सांभाळायचं, यासाठीच तो केला. त्याखाली आजवर एकही मंडळ झालेलं नाही. कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ नावाची संस्था आहे, पण ती 2014 च्या विभाजनानंतर आंध्र आणि तेलंगणासाठी झाली. जिथे कृष्णा उगम पावते तो महाराष्ट्र त्यात नाही, अलमट्टी ज्यांची ते कर्नाटकही नाही! कावेरीला निदान 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राधिकरण मिळालं, तेही पिढ्यान्‌पिढ्या भांडून.

आम्हाला चार राज्यांचं एक कायमचं कार्यालय हवं. कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी, अलमट्टी, सगळ्यांची पातळी आणि विसर्ग तासातासाला मराठीत आणि कन्नडमध्ये सगळ्यांना दिसला पाहिजे. कुठल्या तारखेला कुठल्या धरणात किती पाणी ठेवायचं ते आधी ठरलेलं आणि बंधनकारक असलं पाहिजे. उन्हाळ्याचंही तेच. इथे उपसाबंदी लागते तेव्हा तिकडच्या गावांचे पाण्यासाठी निरोप येतात, आणि दर वर्षी नव्याने विनवण्या होतात.

बहिणीचा काल फोन आला होता. या पावसाळ्यात भाचीचं बाळंतपण आहे. तिला माहेरी आणायचं की सासरी ठेवायचं, यावर आम्ही अर्धा तास बोललो. दोन्ही घरं नदीकाठीच.