फोडाने कुणी मरतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका,

(वय तुम्हीच ६८ सांगितलंत, म्हणून काका.) तुमच्या प्रतिक्रियेची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: चालून पायाला फोड येणं हे नाजूक लोकांचं दुखणं, वारकरी तर अनवाणी पंढरपूर गाठतात. फोड आलाच तर सुईने दोरा ओवायचा, वरची कातडी कापून हळद भरायची. फोडाने कुणी मरत नाही. आणि चालताना येणाऱ्या फोडांवरचा माझा लेख म्हणजे महागडे मोजे खपवायचा उद्योग. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की १५ वर्षं शुगर असूनही रोज तासभर चालता, आणि हल्ली तर फोड आला तरी दुखतसुद्धा नाही.

खरं तर या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसले आहे. पण आधी वारी.

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. पालखीच्या कुठल्याही मुक्कामावर पाय चेपून देणारे, मलमपट्टी करणारे स्वयंसेवक बसलेले असतात आणि त्यांच्यापुढे माणसांची रीघ असते. म्हणजे फोड त्यांनाही येतात, फक्त ते बोभाटा करत नाहीत. शिवाय जन्मभर शेतात वावरलेला तळवा वेगळा आणि दिवसभर बुटात घामेजलेला वेगळा. एक जानेवारीला नवे बूट घालून थेट आठ किलोमीटर चालणाऱ्याला वारकऱ्याचा दाखला देऊन काय उपयोग?

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. घामाने कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून बसतो, आत हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकतं. मधल्या मधे कातडीचे थर ताणले जातात, शेवटी एक थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. टाच, चवडा, तळवा इथली कातडी जाड आणि घट्ट, म्हणून तिथे फोड येतो. पातळ कातडीचं नुसतं साल निघतं. ओल आणि सरकणं ही दोन कारणं कळली की खर्च फारसा उरत नाही. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून चालायला नायलॉन-पॉलिस्टरचा साधा खेळाचा मोजा बरा. कंपनीचं नाव मी लेखातही दिलेलं नव्हतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

आणि तुमच्या बुटाकडे एकदा बघा. घोट्याजवळ, नाडीच्या ओळीपासून जरा मागे, एक जादा भोक असतं. बहुतेकांच्या बुटात ते कोरं करकरीत राहतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फासा करायचा, समोरच्या नाडीचं टोक त्यातून ओवायचं आणि मग आवळून गाठ मारायची. टाच बुटात उचलली जायची थांबते.

याहून स्वस्त उपाय औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी, आपण जिला सरसकट मायक्रोपोर म्हणतो ती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवंटांतल्या २५० किलोमीटरच्या शर्यतींमधल्या १२८ धावपटूंच्या पावलांच्या काही भागावर ही पट्टी लावली, बाकी भाग मोकळा ठेवला. पट्टीखाली फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. कोरड्या पायावर, सुरकुती न पडू देता, चालायच्या आधी लावायची. आता यात मी काय खपवलं ते सांगा.

फोड आल्यावरचं मात्र तुमचं मला अजिबात पटत नाही. फोडावरची कातडी ही फुकटची, निर्जंतुक पट्टी आहे. लहान फोडाला हात लावू नये, पाणी आपोआप जिरतं. मोठा, तट्ट फुगलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला दोन-तीन बारीक भोकं पाडावीत, स्वच्छ कापसाने हलके दाबून पाणी काढावं आणि ती कातडी तशीच खाली बसू द्यावी. वर व्हॅसलिन आणि पट्टी, रोज बदलून. आत ठेवलेला दोरा म्हणजे जंतूंना घातलेला पूल. हळदीबद्दल माझी तक्रार एवढीच, की डब्यातली हळद निर्जंतुक नसते. भाजीत घाला, उघड्या जखमेत नको.

मरण्याचं म्हणाल, तर १९२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, कूलिज यांचा, १६ वर्षांचा मुलगा मोज्यांशिवाय बूट घालून टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं, आज सहसा असं होत नाही. पण फोडाभोवती लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर घरी बसून वाट पाहायची नसते.

आता शुगर. काका, फोड दुखत नाही यात पाय कणखर झाल्याची खूण नाही. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. मग बुटातला खडा टोचत नाही, फोड कळत नाही, माणूस त्याच फोडावर तासभर चालतो आणि त्याची जखम होते. जी भरायला महिने लागतात, आणि कधी बोट घेऊन जाते. वर सांगितलेली सुई तुमच्यासाठी नाही, मोठ्या फोडालाही नाही. डॉक्टरांकडे पायाची तपासणी मागून घ्या: नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून कळतंय का विचारतात. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

चालणं सोडू नका. रात्री झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, नाहीतर काकूंना बघायला सांगा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. आणि सकाळी बागेत गवतावर अनवाणी फिरण्याचा जो सल्ला तुम्ही इतरांना दिलाय, तो तुमच्यापुरता तरी तपासणी होईपर्यंत बंद.