चारित्र्याच्या दाखल्यातला रकाना

पेपरात रोज एक शब्द असतो, ‘सराईत’. मीही तो कित्येक वर्षं चहाबरोबर वाचून पान उलटत आलो. आता तो दिसला की थांबतो, कारण आमच्या वर्कशॉपमधला मिस्त्री अकरा वर्षं येरवड्यात काढून आलाय. सुतारकाम तिथंच शिकला. त्यानं जोडलेल्या चौकटीच्या सांध्यात नखही शिरत नाही.

सुटल्यावर त्याचे पहिले दोन महिने ओटीपीमागे गेले. आधारला जोडलेलं सिम केव्हाच बंद पडलेलं, त्यामुळे बँकेचं खातं चालू होईना. रेशनकार्डावरून घरच्यांनी नाव कमी केलेलं. खोली बघायला गेला की मालक पोलीस व्हेरिफिकेशनचं विचारायचा आणि बोलणं तिथंच संपायचं. रिक्षा चालवावी तर बॅजसाठी चारित्र्याचा दाखला. वॉचमन व्हावं तर तोच दाखला. मीसुद्धा त्याला आठवडाभर ‘उद्या ये’ म्हणत राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

परवा एका जवळच्या माणसानं मला सुनावलं, “ही माणसं सुधारत नाहीत, आकडे बघ.” म्हणून बघितले.

अमेरिकेत २०१२ साली ३४ राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा पाच वर्षं माग काढला. ७१ टक्क्यांना पुन्हा अटक झाली. पण त्यातल्या ज्या २१ राज्यांत तुरुंगात परतल्याच्या नोंदी होत्या, तिथं परतलेले निघाले ४६ टक्के, आणि त्यातही काही जण नुसती पॅरोलची, म्हणजे सुटताना घातलेली, अट मोडली म्हणून आत गेलेले. आता यातला कुठला आकडा ‘सुधारत नाहीत’चा पुरावा धरायचा?

आपल्याकडे तर तेवढाही माग नाही. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो, दरवर्षी तुरुंगांचा अहवाल काढतं. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले, हे त्यात मिळतं. पण अमुक साली सुटलेल्या शंभर जणांपैकी पाच वर्षांत किती परत आले, हे मिळत नाही. परत आला तो मोजला जातो. आमचा मिस्त्री तीन वर्षं सकाळी नऊला शटर उघडतोय, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि पुन्हा अटक होते म्हणजे काय होतं? चोरी झाली की ज्याचं नाव आधीच वहीत आहे, त्याला पहिलं उचलतात. पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे पारधीही त्यात ओढले गेले. १९५२ साली तो शिक्का पुसला आणि १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. ‘जन्मजात’ गेलं, ‘सराईत’ आलं. अशा माणसांच्या अटका मोजून त्यांचा स्वभाव कसा कळणार?

माझं मागणं साधं आहे. इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे, ठरावीक वर्षं नीट वागलात तर बहुतेक नोकऱ्यांसाठी जुनी शिक्षा सांगावी लागत नाही. आपल्याकडेही २०१५ च्या बालन्याय कायद्यात अल्पवयीनांना तशी सोय आहे. मोठ्यांनाही ती मिळायला हवी. गंभीर गुन्ह्यांना वेगळा नियम लावा, मुदत लांब ठेवा, पण मुदत ठेवा. शिक्षा कोर्टानं दिली तेवढीच असावी. सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यात भर घालू नये.

हे सेक्रेटरीचं उगाच लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात एका मोठ्या सोसायटीत किचनचं काम मिळालं. गेटपासला चारित्र्याचा दाखला हवा होता. मिस्त्रीनं फॉर्म हातात घेतला, ‘यापूर्वी गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यापर्यंत आला, पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. काही बोलला नाही. परत रंध्यावर गेला.

त्या किचनची सगळी शटरं त्यानंच बनवली. बसवायला दुसरा पोरगा गेला.