मालकाचं उत्तर : नमस्कार मोजणारा डबा

नमस्कार ताई,

कॅमेऱ्यातून सूर्यनमस्कार मोजणाऱ्या आमच्या डब्याला तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की डबा महिनाभरात बंद पडला, ‘कंटेनरच्या नादात’ मंद चालतो, सूर्यनमस्कार चुकीचे मोजतो आणि वर्गातल्या मुलींचे फोटो कुठे जातात ते कळत नाही.

बंद पडला ती चूक सरळसरळ आमची. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेममधल्या, म्हणजे चित्रातल्या, सांध्यांचे आकडे आमचा प्रोग्रॅम लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, छापत होता. आमचा प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतो, तो कप्पा सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे डॉकर. डॉकर आपणहून जुना लॉग पुसत नाही, त्याला मर्यादा घालून द्यावी लागते. ती घालायची राहिली, मेमरी कार्ड गच्च भरलं आणि डब्याने मान टाकली. आमच्या टेबलावर चारच दिवस चालवून पाहिला होता. चार दिवसांत हे कसलं कळतंय! आता छपाई बंद केली, मर्यादाही घातली. कार्ड बदलायचे पैसे अर्थातच घेणार नाही.

मंदपणाचं खापर मात्र कंटेनरवर नको. तो काही आतला दुसरा संगणक नव्हे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दोघांचा एकच, त्यामुळे त्याचा भार अगदी थोडा. तुमचा डबा टीव्हीखालच्या बंद कपाटात आहे, तोही मुंबईच्या मे महिन्यात. आतल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाची चिप ८० अंशांपर्यंत तापली की स्वतःच वेग उतरवते. त्यात आम्ही मूव्हनेटचं, म्हणजे चित्रातून शरीराचे सांधे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचं, थंडर मॉडेल टाकलं होतं, त्याला २५६ बाय २५६ पिक्सेलचं चित्र लागतं. त्याचंच हलकं लायटनिंग मॉडेल १९२ बाय १९२ वर भागवतं, तेच टाकतो. पंखाही बसवतो. कपाटाचं दार तेवढं उघडं ठेवा.

मोजणीवरून थोडं भांडणार आहे. हे मॉडेल एकाच व्यक्तीच्या शरीराचे १७ बिंदू धरतं. मागून दुसरी कुणी गेली की बिंदू तिच्यावर उडी मारतात. ‘एका वेळी एकजण’ हे पावतीवर लिहिलं होतं. शिवाय कॅमेरा समोर लावलाय. साष्टांग घातल्यावर समोरून डोकं आणि खांदेच दिसतात, कंबर-गुडघे कुठून दिसणार? तो बाजूला हवा. दादरच्या खोलीत बाजूला जागा कुठली, हेही खरंच. खिडकीच्या गजाला क्लॅम्प लावून बघू.

फोटो कुठेच साठत नाहीत. फ्रेम मेमरीत येते, आकडे निघतात, फ्रेम जाते. त्या भरलेल्या लॉगमध्येही नुसते आकडेच होते. मोजणीला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे वायफाय कायमचं बंद ठेवलंत तरी चालेल.

शनिवारी दुपारी वर्ग नसताना येतो. तोवर डब्याला लावलेला तो मोबाइलचा चार्जर काढून ठेवा. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणतो.