‘चालू मशीनला हात लावू नका’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला नऊ ग्रुपांवर आला. आंबा बागायतदारांचा ग्रुप, होमस्टेवाल्यांचा, शाळेतल्या वर्गमित्रांचा, गावच्या देवस्थानाचा. मजकूर थोडक्यात असा : कॉम्प्युटर आणि मोबाइलचे सिस्टिम अपडेट कायमचे बंद करा. कंपन्या ते मशीन स्लो करण्यासाठी पाठवतात. आपल्यासारख्या लहान माणसाला कोणी हॅक करत नाही. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) टाकलं तर व्हायरसचा प्रश्नच नाही, बाकीच्यांना अँटीव्हायरस पुरतो. जुलै २०२४ मध्ये अपडेटनेच जग बंद पाडलं. तेव्हा चालू मशीनला हात लावू नका. खाली, ‘कोकणातल्या प्रत्येक व्यावसायिकापर्यंत पोचवा’.

देवगड-मालवण पट्ट्यात दुकानांची बिलिंग मशीनं, पॅकहाउसमधले कॉम्प्युटर आणि होमस्टेंचं वायफाय सांभाळणं हे माझं रोजचं काम. मेसेज आल्यापासून तिघांनी फोन करून ‘आमचे अपडेट बंद करून जा’ म्हणून सांगितलं. पुढे पाठवणारे सगळे आपलेच लोक आहेत आणि त्यांनी काळजीपोटीच पाठवलाय. पण त्यातला सल्ला मानला तर नुकसान त्यांचंच होणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एक शब्द. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, कुठली फाइल कुणी उघडायची, प्रिंटरशी, वायफायशी कोण बोलणार, हे सगळं तो ठरवतो. विंडोज असो, लिनक्स असो, अँड्रॉइड असो, प्रत्येक प्रोग्रॅम परवानगीसाठी त्याच्याच दारात उभा राहतो. त्यामुळे कर्नलमध्ये भोक राहिलं तर वरची सगळी कुलपं नावापुरती उरतात.

‘अपडेट म्हणजे मशीन स्लो करायची युक्ती’

ही शंका हवेतून आलेली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने स्वतः कबूल केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला होता. पुढे अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंड झाला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाउन’ नावाच्या दोषावर कर्नलचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आल्या, त्यांनीही काही कामं खरोखर मंदावली. म्हणजे वेग कमी होऊ शकतो, हे मी नाकारत नाही.

पण मेसेजवाला दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालतो. नवा चेहरा, नवी बटणं आणणारं मोठं अपडेट वेगळं आणि महिन्याचा सुरक्षेचा पॅच वेगळा. पहिलं जुन्या मशीनला जड जाऊ शकतं, ते थांबवायचं तर जरूर थांबवा. दुसऱ्यात बहुतेक वेळा मोजक्या ओळींची दुरुस्ती असते. मेल्टडाउनच्या पॅचने वेग घेतला, कारण दोष प्रोसेसरमध्येच होता आणि कर्नलला त्याला वळसा घालून जावं लागलं. तो अपवाद दाखवून दर महिन्याचे पॅच बंद करायला सांगणं मला मान्य नाही.

‘लहान माणसाला कोण हॅक करणार?’

सगळ्यात जास्त पटतो तो हाच मुद्दा, आणि सगळ्यात घातकही हाच. देवगडचे एक बागायतदार काका मला म्हणाले, “झिला, माका कोण हॅक करतलो? माझ्या मशिनीत असा काय? आंब्याचे हिशोब!” म्हटलं, काका, तुमच्या मशीनमध्ये काय आहे हे आत शिरणारा आधी विचारत नाही. त्याचा प्रोग्रॅम नंबर फिरवत सुटतो, जिथे दार उघडं तिथे घुसतो.

१२ मे २०१७ आठवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस त्या दिवशी सुटला. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल वाटायची एक जुनी सोय आहे, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्येच चालतो आणि भोक त्यात होतं. वॉनाक्राय स्वतःच इंटरनेटवरचे पत्ते वाटेल तसे निवडून दार वाजवत होता. दीडशे देशांत २ लाखांहून जास्त मशीनं अडकली. त्यात ब्रिटनची सरकारी इस्पितळं होती, तशी साधी दुकानंही होती. आणि पॅच? तो मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने आधी.

त्यानंतर दीड महिन्यात, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा व्हायरस आला. रोख युक्रेनवर होता. पण फटका बसला तो आपल्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेव्यालाही. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरची चढउतार विस्कळीत झाली. मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. उरणच्या रस्त्यावर गाडी घेऊन खोळंबलेल्या ड्रायव्हरचं युक्रेनशी काय वैर होतं? नॉटपेट्या फक्त वॉनाक्रायच्याच भोकातून पसरला असं मी म्हणणार नाही. तो मशीनमधले पासवर्ड चोरूनही पुढे सरकत होता, त्यामुळे पॅच लावलेली मशीनंही त्यात गेली. पण वाट सोपी झाली ती मार्चचा पॅच न लावलेल्या मशीनांमुळे.

होमस्टेवाल्यांनी तर हा मुद्दा मनातून काढूनच टाकावा. तारकर्लीत शनिवार-रविवारी तुमच्या वायफायवर पुण्या-मुंबईची दहा-पंधरा अनोळखी मशीनं येऊन बसतात. त्यातलं एक जरी बाधलेलं असलं तरी ते आणि तुमचा काउंटरचा कॉम्प्युटर एकाच घरात असतात. दोन दिवाळ्यांमागे एका ठिकाणी मी रात्री साडेअकराला पोचलो. ओसरीवर दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी, खोली एकच, आणि बुकिंगची फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलंतरी लांबलचक शेपूट लागलेलं. मशीनवर विंडोज ७ होतं, ज्याचे पॅच १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. आठ महिन्यांचे हिशोब गेले. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन त्याच फोल्डरमध्ये होते, ते कुणाच्या हाती लागले असतील या विचाराने मालकीणबाईंना झोप नव्हती.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेली नाही. पॅच निघाला की भोक जगजाहीर होतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघणारे लोक जगभर आहेत. बदललेली ओळ म्हणजे भोकाचा पत्ताच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देतं, त्यानंतरच्या बुधवारला या धंद्यातले लोक हल्ल्याचा बुधवार म्हणतात ते उगाच नाही. पॅच येण्याआधी भोक दोन-चार जणांना माहीत असेल. तो आल्यावर न लावणाऱ्याचं मशीन आधीपेक्षा जास्त उघडं पडतं.

‘लिनक्सला काही होत नाही’

मी स्वतः लिनक्स वापरतो, चार ठिकाणी काउंटरला बसवलंय, आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच हे वाक्य जास्त लागतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचं भोक बुजवलं गेलं. दोन प्रोग्रॅम मेमरीचं एकच पान वाचत असतात. त्यातल्या एकाला त्यावर लिहायचं झालं की कर्नल त्याला वेगळी प्रत काढून देतो, मूळ पान सुरक्षित राहतं. प्रत काढणं आणि लिहिणं या दोन पायऱ्यांमध्ये अगदी क्षणभराची फट होती. त्या फटीत वेळ साधली की लिखाण प्रतीऐवजी मूळ पानावर उतरायचं. म्हणजे फक्त वाचायची परवानगी असलेला साधा वापरकर्ता सिस्टिमच्या फाइलमध्ये बदल करून मशीनचा मालक बनू शकत होता. हा दोष २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत लिहिलं की हाच दोष आपण ११ वर्षांपूर्वी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. तोवर त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झालेला होता.

मग ‘डर्टी पाइप’. मॅक्स केलरमन या प्रोग्रॅमरकडे एका ग्राहकाची तक्रार आली की लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, दाबून ठेवलेली फाइल उघडत नाही, खराब होते. अशी तक्रार पुन्हा आली, पुन्हा आली. दुसऱ्या कुणी डिस्क खराब म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी धागा सोडला नाही आणि शेवटी थेट कर्नलपर्यंत पोचले. एक खूण नव्याने कोरी करायची राहून गेली होती, तेवढ्याने फक्त वाचायच्या फाइलवरही लिहिता येत होतं. २०२० मध्ये आलेल्या ५.८ कर्नलपासून ही उणीव होती, फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्ती किती? दोन ओळी. त्याआधी लिनक्स टाकून अपडेट बंद करून बसलेल्या माणसाच्या मशीनमध्ये त्या दोन ओळी आजही नाहीत.

लिनक्सचं बळ हेच की असं भोक सापडलं की उघडपणे बोललं जातं आणि झटपट बुजवलं जातं. अपडेट बंद केलं की तेच बळ काढून घेतल्यासारखं होतं.

‘अँटीव्हायरस पुरेसा आहे’

अँटीव्हायरसला डिस्कवर काय आहे हे कर्नलच सांगतो. कर्नल ज्याच्या ताब्यात गेला, तो अँटीव्हायरसला हवं तेच दाखवू शकतो. अँटीव्हायरस ठेवा, पण पॅचच्या जागी नको.

‘जुलै २०२४ मध्ये अपडेटनेच जग बंद पडलं’

१९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. खरं आहे. पण तो विंडोजच्या कर्नलचा पॅच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, त्याला पाठवलेली एक सदोष फाइल होती. ती मोठ्या कंपन्यांच्या मशीनांवर असते, आपल्या किराणा दुकानात नसते. त्यातून शिकायचं ते एवढंच की सगळ्या मशीनांवर एकाच तासाला काही चढवू नये. माझ्याकडे एखाद्याची चार मशीनं असतील तर मी आधी एकावर पॅच लावतो, दोन दिवस बघतो, मग बाकीची घेतो.

‘चालू मशीनला हात लावू नका’

यामागची भीती मला पूर्ण कळते. एप्रिलमध्ये पॅकहाउसला पेट्यांची रांग लागलेली, वाशीला जायची गाडी दारात उभी, आणि अशा वेळी स्क्रीनवर टक्के मोजत बसलेलं मशीन. माझ्या अंगावर माणसं ओरडली आहेत, आणि त्यांचं बरोबर होतं. चूक माझी होती, मी वेळ ठरवून दिली नव्हती.

वेळ ठरवता येते. विंडोजमध्ये कामाचे तास भरून ठेवा, त्या तासांत ते स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. अगदी सीझनच्या तोंडावर असाल तर ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं. तेवढंच थांबवा, आणि थांबवण्याआधी मागचे सगळे चढवून घ्या. ज्यांचं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं त्यांनी एक तपासा : डेटा वाचवायला म्हणून ते कनेक्शन ‘मीटर्ड’ केलेलं असतं, आणि त्यामुळे बहुतेक अपडेट आपोआप उतरतच नाहीत. मशीन गप्प असतं म्हणून आपण निर्धास्त.

लाइट गेली तर? निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला कित्येक दिवस अंधार होता, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे कुणी हसण्यावारी नेऊ नये. यूपीएसची बॅटरी ठीक नसेल तर पावसाळ्यात डेस्कटॉपवर अपडेट सुरू करू नका, सकाळी लाइट स्थिर असताना करा. लिनक्समध्ये नवा कर्नल चढला तरी आधीचा सहसा तसाच राहतो. नवा चालला नाही तर मशीन सुरू होतानाच्या यादीतून जुना निवडायचा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनांत सिस्टिमच्या दोन प्रती असतात, अपडेट न वापरातल्या प्रतीवर चढतं आणि बिघडलं तर फोन जुन्या प्रतीवर परततो. आणि ज्यांचा सर्व्हर बंद करताच येत नाही त्यांच्यासाठी लिनक्समध्ये २०१५ पासून चालू कर्नललाच पॅच लावायची सोय आहे. जुन्या फंक्शनच्या, म्हणजे कर्नलमधल्या सदोष तुकड्याच्या, तोंडाशीच वाट वळवून नव्याकडे नेतात, रीस्टार्ट लागत नाही. उबुंटूवर ही सेवा घरगुती वापरासाठी पाच मशीनांपर्यंत फुकट मिळते. सगळ्या दुरुस्त्या तशा होत नाहीत, कधीतरी रीस्टार्ट करावंच लागतं, पण ते तुमच्या सवडीने.

आणि फोनचं काय?

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे : ‘माझ्या फोनला तीन वर्षं अपडेट नाही, मस्त चाललाय.’

मालवणच्या बाजारात एक काकी बांगडे-सुरमई विकतात. टोपलीच्या कडेला क्यूआर कोडची पाटी, कमरेला फोन. परवा त्यांचा फोन मागून घेतला. काचेवर खवल्यांचा थर. सेटिंग, मग फोनविषयी, मग सिक्युरिटी पॅच लेव्हल. तारीख होती ५ फेब्रुवारी २०२१. आणि त्याच फोनमध्ये अपडेट तपासलं तर हिरवी खूण : ‘तुमचा फोन अपडेटेड आहे.’ त्याचा अर्थ इतकाच की कंपनीने या मॉडेलसाठी आणखी काही पाठवलेलं नाही.

असं मोठ्या प्रमाणात घडलेलंही आहे. अँड्रॉइडच्या कर्नलमधलं ‘बाइंडर’चं (अ‍ॅपांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या भागाचं) एक भोक मूळ लिनक्समध्ये फेब्रुवारी २०१८ ला बुजलं होतं. ती दुरुस्ती कित्येक फोनांपर्यंत पोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या मॅडी स्टोन यांनी ते उघड केलं तेव्हा त्याचा वापर करून हल्ले होत असल्याची चिन्हं होती. बाधित फोनांच्या यादीत रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ होते. त्या वर्षांत आपल्याकडे दर दुसऱ्या हातात हेच फोन होते.

काकींना नवा महाग फोन घ्या म्हणणं सोपं, पण सुरमईचे भाव बघता ते मी म्हटलं नाही. त्यांच्या मुलाचा फोन नवा आहे, त्याला या महिन्याचा पॅच आलेला होता. बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप त्या फोनवर हलवलं, जुन्यातून काढून टाकलं. जुना फोन आता कॉल, बोटवाल्याशी बोलणं आणि गाणी ऐकण्यापुरता आहे. पैसे जमा झाल्याचा आवाज मुलाच्या फोनवर वाजतो आणि तो शेजारीच बर्फ फोडत असतो.