लशीतले गोल कण 'यंत्र' नाहीत

'लशीतले नॅनोकण आपोआप जुळून गोल होतात, म्हणजे ती सूक्ष्म यंत्रंच' असा मेसेज सध्या फिरतोय. कण आपोआप जुळतात हे खरंच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

एमआरएनए लशीतले (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूवर आधारित कोविड लशींतले) कण लिपिडचे, म्हणजे स्निग्ध रेणूंचे असतात. या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, शेपटी पाणी टाळते. पाण्यात सोडले की शेपट्या आत दडतात, डोकी बाहेर राहतात. तेवढ्याच घनफळाला गोलाचं पृष्ठफळ सर्वांत कमी, म्हणून आकार गोल. साबणाच्या पाण्यातही हेच घडतं. यात ना चिप, ना मोटर. कण साधारण १०० नॅनोमीटरचे असतात आणि त्यांतले घटक लशीच्या अधिकृत माहितीपत्रकात छापलेले असतात.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये सोयीस्करपणे गाळली आहे: कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन एमआरएनए लसी नाहीतच, त्यांत हे कण नव्हते. उलट २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांना दिलेलं लायपोसोमल अँफोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध अशाच स्निग्ध गोलकांतून दिलं जातं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.