आत्याचा फोलपटाचा काढा

परवा आत्याकडं गेलो तर गॅसवर पातेल्यात तांबडं पाणी रटरटतंय. म्हटलं बीट शिजवतेय का काय, तर नाही, शेंगदाण्याची फोलपटं, दाण्यावरची ती पातळ लाल साल! गल्लीत चटणी कांडून देतात तिथनं पिशवीभर फुकट आणलेली. तो मेसेज फिरतोय ना, 'चटणीवाले जे फेकतात ते परदेशात सोन्याच्या भावानं विकतात, द्राक्षापेक्षा शंभरपट अँटिऑक्सिडंट, अनशापोटी काढा प्या, शुगर कायमची जाईल, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य', त्याचा प्रताप. सोलापुरात असला मेसेज पसरणारच म्हणा.

अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. त्या लाल सालीत कॅटेचिन, प्रोसायनिडिन असली अँटिऑक्सिडंट, म्हणजे हवेनं खराब होणं रोखणारी, द्रव्यं असतात, आणि त्यांचा अर्क काढून तेल खवट होऊ नये म्हणून बीएचटीसारख्या केमिकलऐवजी वापरता येईल का यावर बरंच काम झालंय. पण तेलाचा खवटपणा थांबला म्हणजे आत्याची शुगर थांबली असं कुठं असतं? ते शंभरपटवालं तर सोडाच. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कुठल्या पदार्थात अँटिऑक्सिडंटची ताकद किती अशा आकड्यांची अख्खी यादीच २०१२ साली वेबसाइटवरनं काढून टाकली, कारण परीक्षानळीतला आकडा माणसाच्या अंगात लागू पडतो याला पुरावा नाही आणि लोक त्यावर माल खपवत होते.

 

पण 'साइड इफेक्ट शून्य' वाचलं की डोकं फिरतं. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, लिव्हरचा कॅन्सर करणारं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले, शोधलं तर खाद्यात ब्राझीलची शेंगदाणा पेंड, त्यातनंच हे विष सापडलं. ती पेंडही नैसर्गिकच होती की! आत्याच्या पिशवीत हात घातला तर तळाला फोलपटं ओलसर, कुबट वास, मधेच काळे पडलेले फुटके दाणे. आत्या म्हणते, "उकळतेय की रे." अगं, पाण्याच्या उकळीनं ते विष जात नाही.

आणि सालीसकट शेंगदाणे खायला कोण नको म्हणतंय, चांगले टणक बघून खा. काढ्याच्या भरवशावर आत्यानं चार दिवस शुगरची गोळीच बंद केली होती. काल रात्री परत चालू केलीय, माझ्याशी बोलत नाही तो भाग वेगळा.